द्वारकाआत्याचा तिसरा अंक

"प्रेक्षकाला नेमका कुठं त्रास होतो, हे माझ्यापेक्षा जास्त कळणारं माणूस या गावात असेल तर त्यानं पुढं यावं," असं मी नाट्यगृह समितीच्या बैठकीत टेबलावर हात आपटून म्हणाले आणि नमुन्याला आणलेल्या खुर्चीत बसले.

खुर्ची मिटली.

माणूस उठला की बैठक आपोआप वर जाते, तसली ती खुर्ची होती. पण हिला दम नव्हता. मी नीट टेकलेही नव्हते, तर तिनं मला पोटात घेऊनच बैठक वर केली. गुडघे नाकाशी, हात दोन्हीकडं अडकलेले, आणि समोर समितीचे सगळे पुरुष सदस्य बाईमाणसाला हात लावावा की नको या विचारात उभे. शेवटी शिपायानं खुर्ची आडवी केली आणि मी बाहेर सांडले.

"त्रास कुठं होतो ते कळलं, बाई," अध्यक्ष गुलाबराव म्हणाले. "पुढचा विषय घ्यायचा का?"

पुढचा विषयही माझाच होता. समितीत मी एकटी बाई. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते, आणि कागदावर एखादी बाई असावी म्हणून मला घेतलं होतं. गुलाबराव सिमेंट आणि फरश्यांचे व्यापारी. मनानं वाईट नव्हते, फक्त बायकांच्या गरजांची गोष्ट निघाली की छताकडं बघून बोलायचे.

"नव्या थेटरात बायकांसाठी संडास पाहिजेत," मी साडी झटकत म्हणाले.

"आहे की एक. नटांच्या खोलीमागं."

"तो नटांचा झाला. बघायला येणाऱ्या बायकांचं काय?"

"अहो बाई, पण त्या नाटक बघायला येतात का त्याच्यासाठी येतात?" गुलाबरावांनी छताला विचारलं.

"नाटक बघायला येतात. त्याच्यासाठी निघून जातात."

सगळे हसले. त्या दिवसापासून माझं नाव 'संडासवाल्या बाई' पडलं, ते शाळेतही पोचलं. फळ्यावर कुणीतरी चित्रही काढलं होतं, आणि चित्र चांगलं होतं. पण मी काही मागं हटले नाही. मी द्वारकाआत्याला शब्द दिला होता.

ही गोष्ट कळायला आमचं जुनं थेटर माहीत पाहिजे. ते मुळात शेंगांचं गोडाऊन. वर पत्रा, खाली बाकं, बाकांना खिळे. त्या खिळ्यांनी गावातल्या निम्म्या धोतरांवर आपली सही केली होती. पुरुषांची सोय म्हणजे मागची भिंत. बायकांची सोय म्हणजे काही नाही. म्हणून नाटकाच्या दिवशी आमच्या कासार आळीतल्या बायका सकाळपासून पाणी प्यायच्या नाहीत. निर्जळा एकादशी वर्षातनं एकदा यायची, पण नाटक कंपनी गावात मुक्कामाला आली की रोजच. एवढं करूनही दोन अंक ही हद्द होती. दुसऱ्या अंकाचा पडदा पडला की सगळ्याजणी घोळक्यानं उठायच्या आणि कंदील धरून घरी. तिसरा अंक पुरुष बघायचे.

म्हणजे आमच्याकडच्या बायकांनी जन्मात एकाही नाटकाचा शेवट पाहिला नव्हता. तो नवऱ्याकडून कळायचा. आणि नवरे कसे सांगायचे?

"काय झालं हो शेवटी?"

"मेली."

"कोण?"

"तीच. पाणी दे."

एवढंच. संपला तिसरा अंक.

याला अपवाद आमचे आतोबा, आत्याचे यजमान, त्र्यंबकराव रासने. त्यांचं भांड्यांचं दुकान होतं आणि भांड्यांवर नावं घालण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. नाटकाचं वेड असं की थेटरातून शेवटी बाहेर पडणारा माणूस तोच, अशी ख्याती. सगळे नवरे घरी येऊन घोरायला लागले तरी आतोबांचा पत्ता नसायचा. पण सकाळी चहाची कपबशी घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले की तिसरा अंक सुरू. आवाज बदलून, हातवारे करून, मधेच थांबून. आळीतल्या बायका विरजण मागायचं निमित्त करून वाट्या घेऊन यायच्या आणि वाट्या तशाच रिकाम्या घेऊन डोळे पुसत जायच्या. आत्याच्या पाठोपाठ माझे वडीलही याच गावात येऊन राहिले होते, आमचं घर शेजारीच. मी ताकाच्या डेऱ्याला टेकून ऐकायची.

आतोबांच्या तिसऱ्या अंकात कुणी मरत नसे. रंगमंचावर चौघं मेले असले तरी आमच्या आळीत सगळे जिवंत असायचे, आणि बहुतेक एकत्र जेवायला बसलेले असायचे.

"आमचे हे तर म्हणाले की मेली," शेजारची यमुनाकाकू कधी म्हणायची.

"तुमच्या ह्यांना झोप लागली असेल," आत्या म्हणायची. विषय संपला.

पुढं मी पुण्याला शिकायला गेले आणि पहिल्यांदा एक नाटक शेवटपर्यंत बघितलं. आतोबांच्या तोंडून ऐकलेलंच नाटक. त्यात नायकानं विष घेतलं. मी शेजारच्या मुलीला म्हणाले, हे चुकतंय, हा शेवटी पेढे वाटतो. ती माझ्याकडं बघत राहिली. मग माझ्या ध्यानात आलं की आतोबा आत्यासाठी गोड करून सांगत होते. मला ते आणखीच आवडायला लागले. मी आत्याला काही बोलले नाही.

आतोबा वारले त्याला काही वर्षं झाली होती, तेव्हा नव्या थेटराचं ठरलं. आत्याला साखर निघाली होती. डॉक्टर म्हणाले होते, पाणी भरपूर प्या, आणि ते अडवून धरू नका.

"नवं थेटर होतंय, आत्या," मी सांगितलं. "गाद्यांच्या खुर्च्या. पंखे. बायकांसाठी सगळी सोय. तू तिसरा अंक बघणार."

आत्या शेंगा फोडत होती. फोडायची थांबली.

"मग 'दारची लक्ष्मी' लावायला सांग," ती म्हणाली.

'दारची लक्ष्मी' म्हणजे आत्यानं लग्न होऊन आल्यावर बघितलेलं पहिलं नाटक. गावच्या नाट्यमंडळानंच बसवलेलं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नवरा बायकोवर संशय घेतो आणि तिला उंबऱ्याबाहेर काढून दार लावून घेतो. पडदा. नवी नवरी असलेली आत्या तिथनं घोळक्याबरोबर घरी आली ती रात्रभर रडत.

"सकाळी ह्यांनी सांगितलं," आत्या म्हणाली. "हे मला बोललेले ते पहिलं बोलणं, पुष्पे. तोवर नुसतं हं आणि हूं. सांगितलं की नवऱ्याला पस्तावा होतो. बायकोचा तांब्या असतो घरात, तिचं नाव घातलेला. तो घेऊन निघतो. गावोगाव हिंडतो. एका घाटावर ती दुसऱ्यांची धुणी धुताना सापडते. ती म्हणते, कशाला आलात? तो काही बोलत नाही. नदीचं पाणी तांब्यात भरतो, तिच्यापुढं धरतो. आणि म्हणतो, आधी पाणी पी. मग भांड."

"आतोबांनी तुला कधी दिलं होतं का गं पाणी?"

"ह्यांनी?" आत्या हसली. "ह्यांना माठ कुठल्या कोपऱ्यात असतो ते मरेपर्यंत माहीत नव्हतं. पण सांगायचे काय गं. त्या वाक्याला आवाज असा बारीक व्हायचा. मला वाटायचं, मलाच देताहेत."

तिनं एक शेंग फोडली आणि दाणे माझ्या हातावर ठेवले.

"मला तो तांब्या एकदा डोळ्यांनी बघायचाय. मग माझं काही का होईना."

यासाठी मी समितीत भांडले. मंडळानं जुनी संहिता कुठल्याशा पेटीतून काढली, तालमी सुरू झाल्या. त्यात तांब्या निघतो की नाही याची धास्ती होतीच, पण तालमींना मी एकदाही गेले नाही. मी बांधकामावर होते. गुलाबरावांनी बायकांच्या संडासाचा नकाशा तीनदा हरवला, एकदा त्यावर भजी खाल्ली, पण शेवटी चार दारं बांधली. खुर्च्यांच्या बाबतीत मात्र त्यांनी माझा मान राखला. माझ्यासारखं कुणी मिटू नये म्हणून एकूणएक खुर्चीची बैठक स्क्रू मारून आडवी पक्की करून टाकली.

उद्घाटनाचा खेळ दुपारी ठेवला होता, कारण पाहुण्यांना संध्याकाळी दुसरीकडं पूल उघडायचा होता. फीत कुठं बांधायची यावर ठेकेदार आणि गुलाबराव यांच्यात एकवाक्यता झाली नव्हती. त्यामुळं पाहुणे हार घालून आले आणि त्यांनी समोर जी फीत दिसली ती कापली. टाळ्या झाल्या. दार उघडल्यावर कळलं की त्यांनी बायकांच्या संडासाचं उद्घाटन केलं आहे. पाहुणे अनुभवी होते. "फार सुंदर," ते म्हणाले आणि आत जाऊन नळ सोडून बघितला.

"तुझ्या थेटराचं खरं उद्घाटन झालं बघ," आत्या माझ्या कानात म्हणाली.

तिनं मोतिया रंगाची इरकल नेसली होती. सकाळपासून ती सगळ्यांसमोर पाणी पीत होती. पहिला अंक चालू असताना पिशवीतून बाटली काढून घटाघटा प्यायली. मागच्या रांगेतल्या यमुनाकाकूला बाटली देऊन म्हणाली, "पी गं. आता कशाला भ्यायचं?" पहिल्या मध्यंतरात जाऊन आली आणि परत येऊन बसली. दुसरा अंक झाला. नवऱ्यानं दार लावून घेतलं. पडदा पडला. आणि आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या, सवयीनं, सगळ्याजणी उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्यावर एकमेकींकडं बघून हसायला लागल्या.

संडासापाशी ही रांग. चार दारांपैकी दोन दारांत गुलाबरावांनी उरलेल्या फरश्यांची खोकी ठेवली होती. पण कुणाची तक्रार नव्हती. रांगेत लग्नघरासारखी गडबड होती. नव्या सुना आत्याला विचारत होत्या, "आजी, पुढं काय होतं? दार उघडतो का तो?"

आमच्या पुढं अनसूयाबाई उभ्या होत्या. सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्सबाई. निम्मा गाव त्यांच्या हातावर जन्माला आलेला आणि उरलेल्या निम्म्यानं त्यांची सुई खाल्लेली. लग्न केलं नव्हतं. जुन्या थेटराच्या मागं दवाखान्याच्या खोल्या होत्या, तिथं सगळी उमर एकट्या राहिल्या. बोलणं मोजकं. आत्याला त्यांनी मान हलवून नमस्कार केला होता, आत्यानंही केला होता.

"तो दार उघडतो," आत्या पोरींना सांगायला लागली, "पण तोवर ती गेलेली असते." आवाज बदलून, हातवारे करून. हुबेहूब आतोबा. तांब्या आला, गावं आली, घाट आला. पुढं सरकायचंही पोरी विसरल्या. "तिनं विचारलं, कशाला आलात? तो बोलत नाही. तांब्या भरतो. तिच्यापुढं धरतो. आणि म्हणतो, आधी पाणी पी."

इथं आत्या थांबली. थांबायची ती ठरलेली जागा होती.

"मग भांड," पुढून आवाज आला.

अनसूयाबाई वळल्या नव्हत्या. समोरच्या बंद दाराकडंच बघत होत्या. बोलल्यावर त्यांचा हात पदराशी गेला आणि तिथंच राहिला.

आत्याचा चेहरा उजळला. "अगं बाई, तुम्हालाही ठाऊक आहे की. बघितलाय वाटतं तुम्ही तिसरा अंक?"

"नाही."

"मग?"

"ऐकलाय," अनसूयाबाई म्हणाल्या. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि त्या आत गेल्या.

आतून नळाचा आवाज यायला लागला. तो येतच राहिला. पोरींनी दार वाजवलं. एक म्हणाली, नर्सबाई अंघोळ करताहेत की काय. घंटा झाली तेव्हा त्या बाहेर आल्या, चेहरा धुतलेला, आणि कुणाकडंही न बघता आत बसायला गेल्या. आमची पाळी दुसऱ्या दाराशी लागली, ती घाईघाईत उरकून आम्हीही पळालो.

"ऐकलाय म्हणे," आत्या खुर्चीत बसता बसता म्हणाली. "बघ पुष्पे, ह्यांचा अंक कुठवर पोचला होता."

अंधार झाला. पडदा वर गेला. आत्यानं माझा हात धरला.

स्टेजवर घाट नव्हता. तेच घर होतं, नवऱ्यानं दुसरं लग्न केलेलं. पहिली बायको डोक्यावरून पदर घेऊन त्याच घरात स्वयंपाकीण म्हणून आली होती.

"हा मधला प्रवेश असेल," आत्या पुटपुटली.

नवऱ्यानं तिला ओळखलं नाही. आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून ताट सरकवलं.

"आता ओळखेल."

ओळखलं नाही. ती खोकायला लागली. कुणीतरी तांब्या घेऊन आत आलं, आत्या पुढं झुकली. तो हात धुवायचा तांब्या होता. नवऱ्यानं हात धुतले आणि तो पान खायला बाहेर गेला. ती चुलीपाशी आडवी झाली. नवी बायको आली, तिनं बघितलं, आणि नवऱ्याला हाक मारून म्हणाली, "अहो, स्वयंपाकीण गेली." नवरा दारातून म्हणाला, "अरेरे. कोण होती, कुणाची होती, कुणास ठाऊक."

पडदा यायला लागला. लोक टाळ्या वाजवत होते, रडत होते. माझा हात आत्याच्या हातातच होता.

"म्हणजे ह्यांनी मला गोड करून सांगितलं," आत्या अगदी हळू म्हणाली. ती जवळजवळ हसत होती. "नवी नवरी, रात्रभर रडली, म्हणून. माझ्यासाठी जोडलं गं त्यांनी, पुष्पे. नुसतं माझ्यासाठी."

"हो आत्या," मी म्हणाले.

मग तिचा हात सैल झाला.

"मग तिला कसं ठाऊक?"

आत्या समोर बघत होती. पण स्टेजकडं नाही. दोन रांगा पुढं अनसूयाबाई बसल्या होत्या. सगळं थेटर तोंड वर करून पडद्याकडं बघत होतं, आणि त्या एकट्या मागं वळून आत्याकडं बघत होत्या.

दिवे लागले तेव्हा लोक उठायला गेले आणि कुणालाच चपला सापडेनात. आमच्याकडं गादीवर पाय सोडून बसायची पद्धत नाही. गादी दिसली की चपला काढून मांडी. बैठका स्क्रूनं पक्क्या, त्यामुळं अख्खं थेटर मांडी घालून नाटक बघत होतं. आणि तिसऱ्या अंकाच्या अंधारात मागच्या बाजूनं, बायकांच्या संडासाकडून, पाणी येत होतं. कुणीतरी नळ तसाच सोडला होता. उतार गुलाबरावांनी मोठा छान दिला होता, वर दुकानातल्या गुळगुळीत फरश्या. चपला, सँडल, बाटल्या, एक डबा, सगळं खुर्च्यांखालून वाहत स्टेजच्या पायथ्याशी जाऊन साठलं होतं.

गुलाबराव माईकवर आले. "प्रेक्षकांना विनंती आहे, कुणी घाबरू नये. पाणी स्वच्छ आहे."

चुलीपाशी मेलेली स्वयंपाकीण पडद्याखालून डोकं काढून विचारत होती की विजेच्या तारा कुठून गेल्यात. लोक अनवाणी, धोतरं आणि साड्या वर धरून, स्टेजखालच्या ढिगाकडं निघाले. आम्हीही निघालो. ढिगापाशी वाकलेल्या माणसांमध्ये आत्या एका टोकाला बसली. थोड्या वेळानं तिच्या शेजारी अनसूयाबाई येऊन वाकल्या. मी मागं उभी होते.

"आत्या, तू उठ, मी शोधते," मी म्हणाले.

"थांब जरा." आत्यानं वर बघितलं नाही. एक चप्पल उचलली, बघितली, ठेवली. "तुमची खोली थेटराला लागूनच होती ना, नर्सबाई?"

"हो."

"तिथं नाटक ऐकू येत असेल."

"नाटक नाही यायचं. टाळ्या यायच्या," अनसूयाबाई म्हणाल्या. "टाळ्या होऊन गर्दी पांगली की ते उठायचे."

आमच्या मधून एकजण दोन डाव्या सँडल घेऊन गेला. आत्या ढिगात हात घालून बसली होती.

"दर नाटकाला?"

"दर नाटकाला."

"अगदी पहिल्यापासून? 'दारची लक्ष्मी' झालं तेव्हा मला येऊन महिना पण नव्हता."

अनसूयाबाई ढिगातल्या चपला बाजूला करत राहिल्या.

"बोला की. आता कशाला अनमान करताय."

"तुम्ही यायच्या आधीपासून."

आत्यानं मान हलवली, बाजारात भाव ऐकून हलवावी तशी.

"आणि गोष्ट?"

"निघताना रचायचे. टाळ्या होईपर्यंत नाटकाची आठवणच नसायची. मग घाई. दारात उभे राहून मला विचारायचे, तिला काय सांगू? हे कसं वाटतंय?" अनसूयाबाईंचा आवाज दवाखान्यात असायचा तसाच कोरडा होता. "मरणबिरण नको, म्हणायचे. ती रडते."

"असं म्हणायचे?"

"असं म्हणायचे."

माईकवर गुलाबराव मागच्या नळाची चावी कुणाकडं आहे ते विचारत होते. आत्यानं पदरानं हात पुसले. मला वाटलं आता उठेल. ती उठली नाही.

"तांब्याचं कुणी काढलं?"

"तांब्या त्यांचा."

"आधी पाणी पी, हे?"

"तेही त्यांचंच." अनसूयाबाई थांबल्या. मग म्हणाल्या, "'मग भांड' माझं."

आत्याचे पाय पाण्यात होते, इरकलीचा काठ भिजून काळा झाला होता.

"त्यात तेच चांगलं होतं," ती म्हणाली.

मागून लोकांची ढकलाढकल सुरू झाली. एका माणसाला त्याची कोल्हापुरी सापडली आणि दुसरा म्हणत होता की ती त्याची आहे. दिवे एकदा गेले, पुन्हा आले. ज्याला जे मिळेल ते पायात घालून लोक बाहेर पडायला लागले. आत्यानं चाचपडत दोन चपला घातल्या, अनसूयाबाईंनीही घातल्या. कुणी कुणाला नमस्कार केला नाही.

रिक्षात आत्या एकदाच बोलली. "पाणी प्यायले खूप," ती म्हणाली, "थांबव कुठंतरी." पण थांबवण्यासारखी जागा वाटेत नव्हती, आणि तसेच आम्ही घरी आलो.

पायरीवरच्या दिव्यात मी तिला हात दिला तेव्हा खाली बघितलं. उजव्या पायात तिची चप्पल होती. डाव्या पायात अनसूयाबाईंची. ती दोन बोटं मोठी होती.